आठची बॅच

सरांनी काकूंना मारलं त्या सकाळी माझा टायपिंगचा स्पीड पहिल्यांदाच चाळीसच्या वर गेला. हे मी आजवर कुणाला बोलून दाखवलेलं नाही. कोर्टातही नाही. तिथे ते कुणी विचारलंच नाही.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. लालबागची खोली सोडून आम्ही मीरा रोडला नवीन बिल्डिंगमध्ये राहायला आलो होतो. मागच्या बाजूला मिठागरं, नळाला दिवसाआड पाणी. आईला तिथलं काहीच आवडत नव्हतं. बारावी झाल्यावर वडील म्हणाले, "टायपिंग कर, कुठेतरी चिकटशील." म्हणून भाईंदर पूर्वेच्या एका क्लासला नाव घातलं. फरसाणच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर एक फ्लॅट होता. बाहेरच्या खोलीत चौदा मशीन, आणि आतल्या दाराआड सर आणि त्यांची बायको. मूलबाळ नव्हतं.

सर पंचेचाळिशीचे असतील. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, हळू आवाज. आरडाओरडा कधीच नाही. चुकलं की आपल्या मागे येऊन उभे राहायचे, आणि आपली चूक आपल्याला दिसेपर्यंत काही बोलायचे नाहीत. मला म्हणायचे, "तुझी करंगळी आळशी आहे. बाकी नऊ बोटं चांगली आहेत."

काकू अगदी उलट. त्या सारख्या काहीतरी विचारत असायच्या. जेवलीस का, आई बरी आहे का, रिक्षा मिळाली का. आम्ही दारातून आत पाऊल टाकलं की प्रश्न सुरू. सरांनाही तसंच. "काय झालं? बरं वाटत नाहीये का? कुणी काही बोललं का?" सर मान हलवायचे. आम्हा मुलींना त्याचं हसू यायचं. लग्न झालेली माणसं अशीच असतात, असं वाटायचं.

परीक्षा आठ दिवसांवर आली होती. मी आठच्या बॅचला पोचले तेव्हा सर नेहमीसारखे टेबलाशी उभे होते. केस ओले, शर्टाची इस्त्री ताजी. आतलं दार बंद होतं. एरवी ते उघडंच असायचं आणि आतून फोडणीचा वास यायचा.

"काकूंना बरं नाहीये," सर म्हणाले. "पाणी लागलं तर खालून आणा."

माझ्या मशीनची रिबन फाटली होती. सरांनी नवीन रिबन आणली, जुनी काढली, नवी घातली. रिबन बदलणं नाजूक काम असतं, घाईत केलं तर शाईचे डाग पडतात. त्यांच्या शर्टावर एक डाग पडला नाही. मग त्यांनी घड्याळ लावलं आणि आम्ही चौदा जणी एकदम सुरू झालो.

मध्येच मला ठसका लागला. खाली जायचा कंटाळा आला म्हणून मी उठून आतल्या दाराच्या कडीला हात लावला. सर लगेच शेजारी आले. माझा हात धरला नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाले, "राहू दे. ती झोपलीय." आणि टेबलावरचा स्वतःचा पाण्याचा पेला मला दिला. मी ते पाणी प्यायले. नंतरच्या उताऱ्यात बेचाळीसचा स्पीड आला. सरांनी कागद उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "बघ, उठली शेवटी करंगळी."

दुसऱ्या दिवशी मी जिन्याशी पोचले तर फरसाणवाल्या शेठनी मला हाक मारून थांबवलं. "बेटी, ऊपर मत जा. पुलिस है."

"चोरी झाली का?"

त्यांनी हातातला झारा खाली ठेवला. मग मराठीत म्हणाले, "तुझ्या सरने बायकोला मारून टाकला. काल सकाळी. तुम्ही लोक वर होते तेव्हा ती आत पडलेली होती."

मी हसले. खरंच हसले, कारण ते वाक्य माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. काल सकाळी तर आम्ही होतो. काल सकाळी सरांनी माझी रिबन बदलली. मी शेठना हे समजावून सांगायला लागले, आणि बोलता बोलता मला तो पेला आठवला. मी तिथेच गटाराच्या कडेला बसून ओकले.

नंतर कळलं ते असं. पावणेआठला सरांनी काकूंच्या डोक्यात वरवंटा घातला. आंघोळ केली. आठची आणि नऊची, दोन्ही बॅच घेतल्या. मशिनींवर कव्हरं घातली, दाराला कुलूप लावलं आणि चालत पोलिसांकडे गेले. 'गेले' म्हणते मी. वडील चिडायचे, "त्याला कसलं अहो-जाहो करतेस?" पण मला आजही त्यांना 'तो' म्हणता येत नाही.

पोलिसांनी विचारलं, "काही वेगळं दिसलं?" आतलं दार बंद होतं, बाकी काही नाही, असं मी म्हटलं. "नीट आठवून सांग." मी नीट आठवत होते. सरांमध्ये वेगळं काहीच नव्हतं, त्याचीच मला भीती वाटत होती. त्यांच्या तोंडावर, हातावर, बोलण्यात काहीतरी दिसायला हवं होतं, निदान एवढंसं. दिसलं असतं तर पुढे मी माणसं पाहून सावध झाले असते. कित्येक महिने मी घरात वडिलांना चहा देताना त्यांचे हात बघायचे.

आमची परीक्षा दुसऱ्या क्लासमधून झाली. मी पास झाले, एका ऑफिसात लागलेही. दीड-दोन वर्षांनी ठाण्याच्या कोर्टातून समन्स आलं. आई म्हणाली, "तू जायचं नाहीस. पोरीच्या जातीला कोर्ट कशाला?" वडील मात्र रजा टाकून सोबत आले.

सरांच्या वकिलाचं म्हणणं होतं की त्या वेळी ते भानावर नव्हते. मला विचारलं गेलं, "आरोपी त्या सकाळी गोंधळलेले होते का?" मी म्हटलं, "नाही." "कशावरून सांगता?" मग मी रिबनचं सांगितलं. कडीचं आणि पेल्याचं सांगितलं. न्यायाधीश लिहून घेत होते आणि सर माझ्याकडे पाहत होते, मी टाइप करताना पाहायचे तसेच.

साक्ष झाल्यावर बाहेरच्या व्हरांड्यात सर दोन पोलिसांच्या मध्ये बाकावर बसलेले होते. वडील जिन्याकडे निघाले. माझे पाय मात्र थांबले.

"निकाल काय लागला तुझा?" सरांनी विचारलं.

"पास झाले."

"चांगलं झालं. साक्षही नीट दिलीस. उगाच जास्तीचं काही बोलली नाहीस."

मला रडू येत होतं, आणि त्याचा संतापही. मी विचारून टाकलं, "सर, काकूंना का मारलंत?"

त्यांनी विचार केला. खोटं बोलणारा माणूस करतो तसा नाही, अवघड शब्द आठवणारा करतो तसा. "ती विचारत होती, काय झालं. रोजच विचारायची. मला खरंच काही झालेलं नसायचं. त्या दिवशी मनात आलं, हिने आता विचारायचं थांबावं. एवढंच. राग नव्हता. मग ती थांबली."

"आणि मग?"

"मग तुमची बॅच होती ना," सर म्हणाले. त्यात न समजण्यासारखं काय आहे, असा त्यांचा चेहरा होता.

वडिलांनी मला दंडाला धरून खाली नेलं. सरांना जन्मठेप झाली. पुढे त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही, मी चौकशीही केली नाही.

निकालानंतर महिन्याभराने, एका रविवारी दुपारी, काकूंचे धाकटे भाऊ आमच्याकडे आले. रत्नागिरीकडून आले होते. चेहरा हुबेहूब काकूंचा. आईने दिलेला चहा त्यांनी तसाच ठेवला.

"डॉक्टर कोर्टात म्हणाले, ताई लगेच गेली नसावी," ते म्हणाले. "अर्धा-पाऊण तास धुगधुगी असेल. म्हणजे तुमची बॅच चालू होती तेव्हा. तुम्हाला आतून काही आवाज आला का?"

हे मला कुणीच सांगितलेलं नव्हतं. आईने तोंडाला पदर लावला.

"नाही आला, दादा," मी म्हटलं. ते खरं होतं. आला असता तरी चौदा मशिनींच्या आवाजात तो मला ऐकू आला नसता, हेही खरं होतं. पण ते माझ्याच्याने बोलवलं नाही.

त्यांनी मान हलवली आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर आमच्या बॅचच्या सगळ्या मुलींचे पत्ते होते. माझ्या पत्त्यावर त्यांनी पेनाने रेघ मारली. आठ पत्त्यांवर आधीच मारलेली होती.

"बेव्हर्ली पार्कला इथून कसं जायचं?" त्यांनी पुढच्या पत्त्यावर बोट ठेवून विचारलं.

मी चप्पल घातली आणि त्यांना रिक्षा करून द्यायला खाली उतरले.