पिवळी चिठ्ठी

कचरू ओव्हाळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होते. संशयित नगाला पिवळी चिठ्ठी लावायची आणि ठरल्या दिवशी त्याच गेजने पुन्हा मोजायचं, हा तिथला शिरस्ता.

निवृत्तीनंतर मूतखड्यासाठी स्कॅन काढला, तर फुप्फुसाच्या खालच्या टोकाला सहा मिलिमीटरची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "बहुधा काही नसेल. सहा महिन्यांनी पुन्हा बघू." कचरूंनी कॅलेंडरवर त्या तारखेला पिवळी चिठ्ठी चिकटवली. लग्नाचं आमंत्रण आलं तरी सांगायचे, "माझी तपासणी बाकी आहे." बायकोची, शालनबाईंची, आमटी मात्र ते रोज नापास करत. मीठ चुकायचं.

आयटीतल्या लेकीने, आम्रपालीने, बाणेरच्या चकचकीत सेंटरमध्ये नंबर लावला. हे गेले जुन्याच मशीनकडे, आणि मशीन शेवटचं कधी तपासलं तेही विचारून आले.

अहवाल आला : काहीही बदल नाही.

"छत्तीस वर्षं बघतेय," शालनबाई म्हणाल्या. "हे मी फुकट सांगितलं असतं."

कचरू जेवायला बसले. आमटीत मीठ बरोबर होतं, सहा महिन्यांत पहिल्यांदा.