आधी कळवून केलेली तपासणी

त्या शेतावर मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या येण्याची खबर मालकाला आठवडाभर आधीच होती. ती आमच्याच ऑफिसने लेखी दिली होती. मी कामगार निरीक्षक. नोकरीला लागले तेव्हा कुठल्याही कामाच्या जागी न सांगता जाऊन उभं राहता यायचं. आता कॉम्प्युटर ज्याचं नाव काढेल तिथेच जायचं, तेही आधी कळवून. आमच्या पदाच्या नावालासुद्धा ‘तथा सुविधाकर्ता’ अशी शेपूट जोडली आहे. कोणाला सुविधा, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही.

नवा रायपुरचे रुंद, रिकामे रस्ते संपले की भाताची शेतं लागतात आणि त्यांच्या मधोमध प्लास्टिकने मढवलेली मोठमोठी पॉलीहाऊसं दिसतात. आत ढोबळी मिरची आणि टमाटर. कामाला आसपासच्या गावांतल्या बाया. त्या दिवशी सगळ्या एका ओळीत उभ्या होत्या. सगळ्यांच्या हातांत नवे रबरी मोजे, पाकिटातल्या घड्या अजून न मोडलेले. गार पाण्याचा कॅन होता. पत्र्याचं शौचालय धुऊन ठेवलेलं होतं. मी विचारत गेले आणि बाया सुपरवायझरकडे बघत “हव, हव” म्हणत गेल्या.

त्यांतल्या एकीने मोजे उलटे घातले होते, डाव्या हाताचा उजव्यात. जिला रोज मोजे मिळतात ती असं करणार नाही. मी तिला ते काढायला सांगितलं. ती थांबली. मीच तिचा हात धरून मोजा ओढला, तर बोटांची कातडी आतल्या रबराला चिकटून आली. नखं काळी पडली होती, दोन तर मुळापासून सुटलेली.

“मैडम, इसको बचपन से खुजली है,” सुपरवायझर म्हणाला.

मी हातांचे फोटो काढले आणि अहवालात एक परिच्छेद लिहिला: फवारणीच्या औषधाने हात भाजल्याचा संशय, वैद्यकीय तपासणी व्हावी. साहेबांनी मला बोलावून चहा पाजला आणि त्या परिच्छेदाभोवती पेन्सिलने गोल काढला. तुम्ही डॉक्टर आहात का, असं त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं. तपासणीच्या दिवशी मोजे होते, पाणी होतं, शौचालय होतं. मग उरलं काय, असंही म्हणाले.

मी तो परिच्छेद काढला. हे लिहितानाही मला माझीच चीड येते. साहेबांना सोपं जावं म्हणून नव्हे, मला त्या खोलीतून लवकर बाहेर पडायचं होतं म्हणून काढला.

घरी आईला सांगितलं. वडिलांना रेल्वेत नोकरी लागून ते तिला रायपुरात घेऊन आले, त्याआधी ती विदर्भात लोकांच्या शेतांत निंदणाला जायची. ती भाजी निवडत होती. मला वाटलं होतं ती माझी समजूत घालेल. तिने ताट बाजूला सारलं आणि विचारलं, “तुले तिचे हात दिसले होते ना? मंग खोडलं काहून?”

ती पुढे म्हणाली की त्यांच्या शेतावरही एकदा सरकारी माणूस आला होता, बांधावरून मालकाशी बोलला आणि निघून गेला. “आम्ही वाकून होतो. त्यानं आमचं तोंडही पाहिलं नाही.”

दुसऱ्या आठवड्यात मी एक दिवसाची रजा टाकली आणि कोणाला न सांगता स्कूटीवर गेले. फाटकावर कोणी अडवलं नाही. रजेवरच्या बाईला कोण ओळखणार. पॉलीहाऊसचे पडदे खाली सोडलेले होते. आत दोन बाया पाठीवर पंप घेऊन फवारत होत्या आणि बाकीच्या त्याच धुरकट हवेत मिरच्या तोडत होत्या. तोंडाला ओले पदर, हात उघडे. डोळ्यांची आग झाली म्हणून मी पाच मिनिटांत बाहेर आले. त्या सकाळपासून आत होत्या. प्यायचं पाणी औषधाच्या धुतलेल्या डब्यात होतं. शौचालयाला कुलूप होतं आणि किल्ली सुपरवायझरच्या खिशात.

मी त्याला पडदे वर करायला लावले. तो म्हणाला, मैडम, आज तर तुमची तारीख नाही. माझा आवाज इतका चढला की तोडणी थांबली. काय बोलले ते आठवत नाही, पण बाया बाहेर येऊन सावलीत बसल्या, एवढं नक्की. भाजलेल्या हातांची ती माझ्याजवळ आली आणि हळू विचारलं, “काली घलो आहू का, दीदी?” उद्याही याल का. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर उभी होते. परवानगीशिवाय तपासणी केल्याबद्दल माझ्यावर कारणे दाखवा नोटीस आली. शेतमालकाला सल्ल्याचं पत्र गेलं. आणि त्या बाईला कामावरून काढलं.

मी तिच्या पाऱ्यात, गावाच्या कडेच्या वस्तीत, गेले. ती अंगणात बसली होती, हात मांडीवर उलटे टाकून. तिने मला बस म्हटलं नाही. तुम्ही बोलून जाता, राहायचं आम्हाला असतं, एवढंच म्हणाली. तिचा राग खरा होता. मी उभ्याउभ्या ऐकून घेतला आणि मग म्हटलं, हात डॉक्टरला दाखवू. सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी प्रश्न विचारले, बोटं तपासली आणि कागदावर स्पष्ट लिहिलं की हे शेतातल्या औषधाने झालं आहे. साहेबांना हवा होता तो डॉक्टर मिळाला.

कामगाराची लेखी तक्रार आली तर न कळवता तपासणी करता येते, हे मला ठाऊक होतं. पण पहिल्याच दिवशी मी ते तिला सांगितलं नव्हतं. तिने तक्रारीवर अंगठा लावला. तिच्या पाऱ्यातल्या आणखी चौघींनी लावला. तपासणीला मला पाठवलं नाही, एका सहकाऱ्याला पाठवलं, पण तो इमानदार निघाला. त्याने जे बघितलं ते लिहिलं. शेतमालकावर खटला दाखल झाला. आता फवारणीच्या दिवशी तोडणी बंद असते, शौचालयाला कुलूप नाही, पाणी वेगळं येतं. तिला मात्र परत घेतलं नाही. ती घरामागच्या स्वतःच्या बाडीत भाजी लावते. तीन बोटांची नखं आली, दोन बोटांची आली नाहीत.

माझी बदली नोंदणीच्या खिडकीवर झाली. मागच्या महिन्यात तोच सुपरवायझर कुठल्याशा दुसऱ्या शेताच्या नोंदणीचे कागद घेऊन आला. नमस्ते मैडम म्हणाला, हसला. कागद बरोबर होते, नाकारायला कारण नव्हतं. मी शिक्का इतक्या जोरात आपटला की तो फिसकटला. दुसरा मारावा लागला.