पाणकावळ्यांवर झाडलेले बार

मुलुंडला आमच्या चाळीमागे तळं होतं. मी लहान असताना तिथे पाणकावळा औषधालाही उरला नव्हता. मासेवाले घरटी बांबूने पाडायचे. मग काही वर्षं तळ्याचा ठेका कुणी घेतला नाही आणि पाणकावळे परतले. गिरणीच्या संपात बाबा घरी बसले, त्या सुमारास काठावरची झाडं घरट्यांनी भरली होती. बाबा तासन्‌तास तिथेच असायचे. आई मात्र वैतागायची. "मेल्यांनी धुतलेल्या चादरींची वाट लावली," म्हणायची.

नवा ठेकेदार आला तो पक्षी मारायची परवानगी घेऊनच. मच्छी खातात, म्हणून निम्मे तरी कमी करायचे. चाळीत सभा झाली. एकही पक्षी मारू द्यायचा नाही, असं ठरलं आणि सगळ्यांनी हात वर केले. तळमजल्यावरचे काकाही पुढेच बसले होते. माझ्या पायात काच घुसली तेव्हा मला उचलून दवाखान्यात पळालेले काका.

रविवारी सकाळी बार ऐकू आला. पाठोपाठ दुसरा. आम्ही सगळे तसेच धावलो.

झाडाखाली बनियनवर काका उभे होते. हातात गावाकडची, रानडुकरांसाठी ठेवलेली बंदूक. बाजूला ठेकेदाराची माणसं गोणी घेऊन उभी.

बाबा म्हणाले, "अरे, तू? तू हात वर केला होतास ना?"

"कुणीतरी मारणारच होतं," काका शांतपणे म्हणाले. "माझा नेम चांगला आहे. तडफडत तरी नाहीत."

तेवढ्यात फांदीत अडकलेला एक पाणकावळा आईच्या पायाशी पडला. जिवंत होता. एक पंख जमिनीवर आपटत होता, चोच उघडी. आईने तो पदरात उचलला. तिचं पातळ रक्ताने भिजलं. ती सरळ झाडाखाली जाऊन उभी राहिली.

"हा तडफडतोय, बघ. आता मार पुढचा."

काकांची बंदूक खाली आली. एकेक करून चाळीतल्या बाया आईशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. दुपारी वनखात्याचे साहेब लोक आले, गर्दी पाहून त्यांनी गोळीबार थांबवला. पुढे परवानगीही रद्द झाली.

पदरातला पक्षी त्याआधीच मेला होता.

काका पुढेही वर्षानुवर्षं त्याच खोलीत राहिले. सकाळी भेटले की "काय गं, बरी आहेस ना?" विचारायचे, अगदी पूर्वीच्याच मायेने. मी मान खाली घालून पुढे निघून जायचे.