माकडं डब्बा नेतीन

डब्बा उघडला आणि लसणाच्या चटणीचा वास आला, की मला विजासनच्या लेण्यांबाहेर बसलेली आई दिसते.

आमची सहल म्हणजे एसटीने भद्रावती, तिथली विजासनची लेणी. बाबा आम्हा भावंडांना लेण्यात न्यायचे. एका वर्षी आईही चप्पल काढून मागे निघाली, तर ते म्हणाले, "तू कुठी चालली? माकडं डब्बा नेतीन. तुले काय समजते त्यातलं?"

आई काठी घेऊन उन्हात बसली. आत गारवा होता, वटवाघळांचा कुबट वास होता आणि पार शेवटी अंधारात बसलेला बुद्ध होता. बाहेर आल्यावर तिने मला हळूच विचारलं, "कसा हाये?"

बाबा हसले. "दगडाचा हाये. वाढ आता."

तिने वाढलं. आज मला बुद्धापेक्षा तिचे भाजलेले तळवे जास्त आठवतात. लेणं न पाहताच ती गेली.

परवा मुलांना घेऊन मी तिथेच गेले. सोबत बाबा होते, आता काठी टेकत चालतात. लेण्याच्या तोंडाशी त्यांनी माझा हात धरला. "मले आत ने बाई. एक डाव शेवटचं पाहून घेतो."

मी त्यांना बाहेरच बसवलं आणि डब्बा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"माकडं नेतीन, बाबा. आत काय, दगडच हाये."