तुळसाक्काची गोष्ट सांगायची रीत

त्या दुपारी आम्ही दोघं दारात बसून शेंगा फोडत होतो. मी चार फोडल्या की एक तोंडात टाकी, हे तिला पाठ. "अवं, बियाणं हाय त्ये. पेरणीला काय तुमचं दात लावू?" मी म्हणालो, दात तरी कुठं राहिलेत... ती हसली, पदरातली टरफलं टाकायला घरामागच्या परड्यात गेली आणि तिथंच खाली बसली, ती उठलीच नाही. दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं होतं.

सव्वा महिना झाला. मी दोन यत्ता शिकलेला गाडीवान. शाळेतले मास्तर म्हणाले लिहा, म्हणून लिहितोय. गोड लिहिणार नाही. माझी बायको तुळसा, गावाची तुळसाक्का, तोंडानं फटकळ होती आणि मिठाचा अंदाज तिला जन्मात आला नाही. पण खेड्यातल्या पोरी निपाणीत राहून शिकतात ते बोर्डिंग तिच्या जिभेवर उभं आहे, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगीन.

बोर्डिंग आधी भाड्याच्या घरात होतं. मालकाला ते तंबाखूच्या वखारीला पाहिजे झालं. आखाड लागायच्या आत रिकामं करा म्हणाला. नव्या जागेवर मातीच्या भिंती उभ्या राहिल्या, वर छप्पर नाही. ते झालं नाही तर भिंती विरघळणार आणि पोरी आपापल्या घरी, म्हणजे पुन्हा शेण-गवऱ्यात. बोर्डिंगच्या पंचांनी मला वर्गणीचा कागद लिहून दिला, वासे किती नि कौलं किती लागणार त्याचा. मी गावोगाव गाडी घेऊन जाई आणि चावडीपुढं अडखळत तो वाची. लोक जांभया देत. एका गावात एक म्हातारा म्हणाला, "आप्पा, माझंच घर गळतंय. तुझा कागद अंथरू व्हय त्येच्यावर?" रिकामी गाडी बघून तुळसा म्हणाली, "कौलांची कुणाला माया येती? पोरीचं सांगा. ऱ्हाऊ द्या, मीच येतो."

ती सांगायला लागली की बाया हातातलं काम ठेवत. बोर्डिंगातली एकच पोर घ्यायची, तिची गोष्ट ऐन जागी आणून थांबायची आणि म्हणायची, "आता फुडं काय हुतंय त्ये तुमी ठरवा." गाडीत वासे पडू लागले, आणि तिला जरा चढलंच म्हणा.

मग सदलगा गाव आलं. तिथल्याच एका पोरीचं तिनं सांगितलं. बापाच्या भीतीनं पोर पाटी कडब्याच्या गंजीत लपवायची, ती बापानं शोधून फोडली. नाव घेतलं नाही, पण गावाला कळायचं ते कळलं. पोरीची आई गर्दीतनं उठली. "माझ्या घरातलं गावात इकतीस व्हय गं?" मी बैलांच्या कासऱ्याला हात घातला.

तुळसा खाली मातीत बसली. हात जोडले. "चुकलं माझं, बाई. आधी तुला इचारायला पायजे हुतं." ती बाई खाली बसली नाही. म्हणाली, "आणि सांगितलीस ती बी खोटी. पाटी त्येनं न्हाय, मीच फोडली." अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत तिनं स्वतःच सांगितलं. नवरा मारील म्हणून तिनंच पाटी फोडली, आणि दुसऱ्या दिवशी पोर चुलीच्या राखेत बोटानं अक्षरं गिरवताना दिसली... मग तिनं पायातली जोडवी मोडून नवी पाटी आणली. त्या दिवशी परतताना आम्ही गाडीशेजारनं चालत आलो. वाशांमुळं बसायला जागा नव्हती.

तिथनं पुढं तुळसानं रीत धरली. ज्याची गोष्ट, त्याला आधी विचारायचं. तो स्वतः सांगत असला तर आपण गप्प बसायचं.

एक गोष्ट तिनं कधीच सांगितली नाही. आमच्या लेकीची, चंपाची. ती सांगायला मला विचारावं लागलं असतं, आणि मी नाही म्हणालो असतो, हे तिला माहीत होतं.

तुळसा गेली तेव्हा छपराची एक बाजू उघडीच होती. दुसऱ्या दिवशी निपाणीचा बाजार, तिथं ती बोलणार होती. चंपा सासरहून आली होती. सकाळी मी बैल जुंपले तसा भाऊबंदांतला थोरला आडवा आला. "सुतकात भाईर पडतोस?"

"कुणाच्या घरात जाणार न्हाय. झाडाखाली हुबा ऱ्हातो."

मग चंपाला विचारलं, "तुझं सांगू का गं?"

"सांगा, आप्पा. पर मी बी येतो."

बाजारात चिंचेखाली उभा राहिलो. म्हणालो, माझी बायको काल गेली. मला बोलता येत नाही. ही माझी पोर. ही दुसरीत होती, वाचायला लागली होती, तेव्हा मी हिला शाळेतनं ओढून तंबाखूच्या वखारीत कामाला घातली. सासरी हिला जाच झाला. तो हिला लिहिता आला नाही, आणि दुसऱ्याच्या हातनं लिहिलेल्या पत्रात 'सगळं बरं आहे' एवढंच येई. मी वाचत होतो नि खूश होतो. दोन वर्षं... तेवढ्यात चंपा म्हणाली, "फुडचं मी सांगतो." आणि तिनं सगळं सांगितलं, डोळ्यांत पाणी न आणता.

कौलांच्या भट्टीचा मालक शेंगा विकत घ्यायला थांबला होता. पिशवी खाली ठेवून म्हणाला, "अण्णा, गाडी लावा माझ्या भट्टीला." कौलं गाडीत मावेनात. सुतकातल्या माणसाला शिवायचं नाही याची तिथं कुणी आठवण करून दिली नाही. बाजाराला आलेल्या बाया उरलेली कौलं डोक्यावर घेऊन गाडीमागनं बोर्डिंगकडं निघाल्या, आणि बैलांच्याही पुढं माझी चंपा चालत होती.