विकतची लोकर

एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला, माणसं गरज नसताना वस्तू का घेतात, यावर आमच्या चौघींच्या गटाला प्रकल्प करायचा होता. मी तो मोठ्या हौसेनं अंगावर घेतला आणि त्याच आठवड्यात मोबाइलवरून तीन वेळा लोकर मागवली. मला क्रोशाचं वेड होतं. सर फळ्यावर मागणी-पुरवठा शिकवायचे, मी बाकाखाली टाके मोजायची. नवा रंग दिसला की बोट आपोआप चालायचं. पेटीत लोकरीचे गुंडे दाबून भरलेले असत, तरी आणखी एक हवाच.

आणि मी मेंढ्या राखणाऱ्याची पोर! आमच्या घरी कातरलेल्या लोकरीची पोती पडून असायची, कुणी फुकटही नेत नव्हतं. मैत्रिणींना मात्र मी सांगून ठेवलं होतं की वडलांचा लोकरीचा बिझनेस आहे. तो बिझनेस कुणाच्या नजरेस पडू नये, एवढीच मला धास्ती होती.

जालन्यात मस्तगडला मी खोली करून राहायची. घरमालकीण पार्सल घ्यायची नाही, म्हणून पत्ता टेंभुर्णीजवळच्या आमच्या गावचा द्यायची. कुरिअरवाला फाट्यावरून आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, फोन करायचा. आबा मेंढ्या सोडून फाटा गाठायचे आणि मला फोन लावायचे. "जेवली का, माय?" हे आधी. मग, "ह्यो ओटीपी मागून राह्यला." मी वैतागून आकडे सांगायची. एकदा ते फाट्यावर असताना मेंढ्या शेजाऱ्याच्या कपाशीत शिरल्या. त्यानं आबांना चारचौघांत आईवरून शिव्या दिल्या. मला हे कळलं तेव्हा मी विचारलं, पार्सल नीट आहे ना?

एका शनिवारी घरी जाऊन मी पाकीट त्यांच्यासमोरच फोडलं. आबांनी गुंडा हातात घेतला, बोटांनी चोळून पाहिला.

"लोकर? घरी पोती भरून पडली अन् तू इकत घेऊन राह्यली?"

"आपल्या लोकरीला वास येतो, आबा."

"धुतल्यावर न्हाई येत."

"तुम्हाला कळत नाही. तुमच्या अंगालाच आहे तो."

आबांनी गुंडा पाकिटात परत ठेवला. चुलीपुढची आई माझ्याकडे बघत राहिली. मला जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

दोनेक महिन्यांनी, प्रकल्प सादर करायच्या आदल्या दुपारी, आम्ही चौघी खोलीत लॅपटॉपभोवती बसलो होतो. दार वाजलं. एका मैत्रिणीनं उघडलं, तर बाहेर आबा. लाल फेटा, खांद्यावर घोंगडी, पायात जाड वहाणा. हातात माझ्याच जुन्या पार्सलचं खोकं, चिकटपट्टीनं पुन्हा बंद केलेलं. अत्तराचा आणि मेंढीचा वास एकदमच खोलीत शिरला.

"ई, कसला वास येतोय? कोण गं हे?" मैत्रीण नाकाला रुमाल लावत म्हणाली.

"कुरिअरवाले काका आहेत," मी म्हणाले.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. आता हे बोलतील आणि माझी नाचक्की होईल, अशी मला भीती वाटली. त्यांनी खोकं पुढे केलं.

"ओटीपी सांगा, ताई."

मी सांगितला. चार आकडे, तोंडाला येतील ते. आवाजसुद्धा कापला नाही.

"बराबर हाये," म्हणाले आणि जिना उतरले. कुरिअरवाले आता फेटेही बांधायला लागले, असं कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. सगळ्यात मोठ्यानं मी हसले.

मैत्रिणी चहा आणायला गेल्यावर मी खोकं उघडलं. आत हातानं कातलेल्या सुताचे सात गुंडे होते, काळे-पांढरे. मेंढ्यांमागं चालता चालता आबा टकळी फिरवायचे, तेच सूत. इतकं बारीक कातलेलं मी घरात कधी पाहिलं नव्हतं. धुऊन धुऊन मऊ केलेलं. प्रत्येक गुंड्यात अत्तराचा फाया खोचलेला. स्वतःसाठी कंगवासुद्धा न घेणारा माणूस अत्तराच्या दुकानात गेला होता. मी गुंडे छातीशी धरले आणि पाठोपाठ झाकण लावून खोकं खाटेखाली सारलं, कारण त्या चहा घेऊन परत यायच्या होत्या. इतकी नीच होते मी.

दुसऱ्या दिवशी आमच्या प्रकल्पाचं कौतुक झालं. शनिवारी घरी गेले. आबांनी आईला वाढायला सांगितलं, पाऊसपाण्याचं बोलले. माफी मागायची म्हणून मी दोनदा त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि दोनदा उठले.

सोमवारी पुन्हा मोबाइलवर एक निळा रंग दिसला. मागवला. चार दिवसांनी आबांचा फोन आला.

"ओटीपी सांगा."

मी आकडे सांगितले.

"बराबर हाये."

फोन बंद झाला नव्हता. पलीकडे मेंढ्या ओरडत होत्या, कुरिअरवाल्याची गाडी सुरू झाली. मी कानाला फोन लावून थांबले. जेवली का, हे त्यांनी विचारलं नाही.