भिंतीवरचा जिल्हा

टोपी काढून, घसा साफ करून आणि पूर्ण शुद्धीत राहून मी जाहीर करतो, की भंडारा जिल्ह्याची खरी राजधानी भंडाऱ्यात कधीच नव्हती. भिलाईचा कारखाना उभा राहत होता त्या वर्षांत ती सेक्टर दोनमधल्या एका क्वार्टरच्या मागच्या खोलीत होती, आणि तिचा सगळा कारभार माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे मावसाजी, बनियनवर बसून पाहत असत. मी टाइम ऑफिसात कारकून म्हणून लागलो आणि त्यांच्याकडे राहायला गेलो, तेव्हा या राजधानीत एक चटई टाकण्यापुरती जागा मलाही मिळाली.

मावसाजी त्याच जिल्ह्यातल्या पवनीचे कोष्टी. कारखान्यात ते खलाशी, म्हणजे अवजड सामान दोरांनी उचलणारे कामगार, होते. क्रेनला लागणारे तारेचे दोर ते असे गुंफत, की जोड कुठे आहे ते सापडू नये. कोणी वाखाणलं की म्हणत, "यात का हाये? सूत जोडाचंच काम होय, फक्त हे सूत जरा माजलं हाये." पण हे झालं पोटापाण्याचं. त्यांचं खरं काम भिंतीवर चालायचं. मागच्या खोलीच्या चुन्याच्या भिंतीवर त्यांनी गेरूने मथळा काढला होता, 'आपल्या जिल्ह्याचे नामांकित', आणि खाली नावं. गावच्या दंडारीच्या नाटकात सीता होणारा एक गडी होता, त्याने मिशा काढायला साफ नकार दिला, तरी सीता वनात निघाली की अख्खं गाव रडायचं. डोळे मिटून, नुसत्या बोटांनी सुताची जात सांगणारी एक म्हातारी होती. गावाला दवाखाना मिळेपर्यंत तहसीलदाराच्या ओट्यावर ठाण मांडून बसलेला सरपंच होता. आणि रेशमी धोतराला करवतीचा काठ असा विणणारा एक विणकर होता, की म्हणे सुतारसुद्धा त्या काठावरून बोट फिरवताना जपून फिरवायचा.

यादीत भरती जोरात होती. एकदा एक रशियन इंजिनिअर उकिडवा बसून चहा पिताना दिसला. मावसाजींनी माझा दंड धरला. "पाय रे, बसते कसा. याचं कोणीतरी आपल्या तुमसरचं असन." त्याचं नाव त्यांनी लिहिलं नाही, फक्त भिंतीच्या कोपऱ्यात जागा राखून 'चौकशी चालू' असं लिहिलं. मावशी फोडणी देता देता म्हणाली, "साऱ्या जिल्ह्याले भितीवर चढवलं. आता दोन खुट्या तरी मारून द्या, कपडे कुठं टांगू मी?"

या यादीत एक नाव नव्हतं. मावसाजींच्या वडिलांचं. मावसाजी त्यांच्याबद्दल रोज बोलत, यादीतल्या सगळ्यांबद्दल मिळून बोलत नसतील एवढं बोलत. मी एकदा म्हटलं, "लिहून टाका ना, मावसाजी." ते एकदम कडक झाले. "आपल्या घरचं नाव आपण नाई लिवाचं. बाहेरच्या माणसानं आपल्या तोंडानं म्हटलं पायजे, का हे नाव पायजे." मी म्हटलं, "मग मी म्हणतो." ते म्हणाले, "तू घरचा. तुहं मत बाद." घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते भिंत दाखवत आणि मग गप्प उभे राहत. पाहुणे चहाची चौकशी करत. मावसाजींच्या त्या गप्प उभं राहण्याचा अर्थ त्या घरात फक्त मावशीला आणि मला ठाऊक होता.

कोष्ट्यांच्या घरी माग रिकामा ठेवत नाहीत. कापड कापून घेतलं तरी जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं फणीत तशीच ठेवतात, आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या टोकांना पिळून जोडतात. वडील अर्ध्या धोतरावर गेले. विणलेलं अर्धं धोतर, त्याच्या ताण्याची टोकं आणि फणी फडक्यात गुंडाळून मावसाजींनी पवनीहून आणली होती, गाडीत भर गर्दीत कोणी मांडीवर तान्हं घेऊन बसतं तशी. माग मागाहून आला. पण त्या मागाला विणकराचे पाय सोडायला खड्डा लागतो, आणि क्वार्टरची फरशी कंपनीची. सगळी भिलाई उघड खोदली जात होती, त्यात एकटे मावसाजी लपून खोदत होते. छिन्नीने फरशी फोडली आणि माती जेवणाच्या डब्यातून कारखान्यात नेऊन टाकली. तिथल्या डोंगराएवढ्या ढिगांत ती कोणाच्या नजरेस येणार? आमच्या पोळीत मात्र दोन महिने कच लागत होती.

पुढे दर रविवारी सूत जोडणं आणि मग खटखट. शेजाऱ्याने तक्रार केली, आणि एका रविवारी सकाळी क्वार्टर तपासणारे बाबू आले. राजनांदगावकडचे, बारीक आवाजाचे, छत्रीच्या टोकाने फरशा ठोकत चालणारे. मावशीने चपळाईने मागावर चादर टाकली, चादरीवर पापड पसरले आणि खड्ड्यावर पोतं ओढलं. सगळं निभावलंही असतं. पण बाबूंची नजर भिंतीवर गेली, ते वाचायला पुढे सरकले आणि पोत्यासकट खाली गेले.

पडले तेही बरोब्बर विणकराच्या बैठकीवर, पाय खड्ड्यात, डोक्यावर दोन पापड. चादर ओढली गेली आणि माग उघडा पडला. मावशीने तोंडाला पदर लावला. मावसाजी म्हणाले, "लगा तो नई ना, साहेब?" बाबूंचं लक्ष मात्र खाली होतं. त्यांचा पाय मागाच्या खालच्या पावडीवर पडला होता. ती दबली आणि त्यांच्या नाकासमोर सगळे धागे वरखाली झाले. त्यांनी मुद्दाम दुसरी पावडी दाबली. मग जुन्या आणि नव्या सुताच्या जोडांवरून बोट फिरवत विचारलं, "ये पुराना धागा किसका है?"

"बाबाचा," मावसाजी म्हणाले. हिंदी विसरले होते. "अर्ध्यात गेले."

आता पुढचं सांगून टाकतो. बाबूंनी पंधरा दिवसांत खड्डा बुजवायचा हुकूम दिला. मावसाजींनी रजा घेऊन वडिलांचं धोतर पुरं केलं, टोकं पुन्हा फडक्यात बांधली आणि माती परत त्याच डब्यातून आणली. माग पुन्हा कधी लागला नाही. मावसाजीही आता नाहीत. ते फडकं भिलाईच्याच हुडको वसाहतीत त्यांच्या मुलाकडे आहे, कपाटात सगळ्यात वर. तो वेल्डर आहे, पण ते कपाट दुसऱ्या कोणाला आवरू देत नाही. क्वार्टरची भिंत पुढे रंगवली गेली.

पण खड्डा बुजवताना मावसाजी चक्क गुणगुणत होते. कारण त्या रविवारी, खड्ड्यात बसल्या बसल्या, बाबूंनी मान वर करून सगळी यादी वाचली. वरून खाली, मग खालून वर. मावसाजी नेहमीसारखे गप्प उभे होते.  आणि डोक्यावरचा पापड काढायचंही भान न राहून बाबू बोलून गेले,

"अरे, इतने सारे नाम लिखे हो, अपने बाप का काहे नहीं लिखे?"